मायलेजवरून गाडीला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

आमच्या गोव्यात दर चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी पाहुणे जमले की कोणीतरी सुरू करतोच, माझी गाडी लिटरला २२ देते. कशी मोजली विचारलं की गप्प, किंवा मग "५०० चं टाकलं आणि पेट्रोल संपत आल्याचा बल्ब पेटेपर्यंत चालवली".

ही पहिली चूक आणि याच्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. अरे, बल्ब पर्वरीच्या चढावर पेटतो आणि सपाटीला आल्यावर विझतो, त्याच्यावर काय हिशोब करणार? ५०० मध्ये येतं साधारण ५ लिटर, त्यात १ लिटर इकडचं तिकडे झालं की २० टक्के चुकलात. तीच चूक ३५ लिटरच्या टाकीत ३ टक्के होते. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबवा (पोऱ्या राउंड फिगर करायला आणखी दाबत असतो, त्याला नको म्हणा), ट्रिप मीटर शून्य, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत तसंच, मग मीटरवरचे किलोमीटर भागिले तेव्हा भरलेले लिटर. मी ग्लोव्ह बॉक्समध्ये वही ठेवलीय, तीन टाक्या झाल्याशिवाय कोणाला आकडा सांगत नाही. एवढा धीर नसेल तर मायलेजवर बोलू नका.

डॅशबोर्डवरचा आकडा? माझ्या गाडीत तो वहीपेक्षा दीडेक किलोमीटर जास्तच दाखवतो.

आणि शोरूममधला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) आकडा लॅबमध्ये रोलरवर गाडी पळवून काढलेला असतो, बहुतेक वेळा एसी बंद ठेवून. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी तो मिळणार नाही.

दुसरी लाडकी चूक, घाट न्यूट्रलमध्ये उतरणं. बेळगावहून खरेदी करून येताना मेव्हणा चालवत होता, चोर्ला संपत आला तरी गडी न्यूट्रलमध्ये आणि पाय ब्रेकवर, वर मला शिकवतोय "भावोजी, आता पेट्रोल लागतच नाही". केरीच्या अलीकडे जळका वास आला, मला वाटलं कोणीतरी कचरा जाळतंय, मग पेडल मऊ लागायला लागलं आणि मेव्हण्याचा चेहरा पांढरा. कडेला घेऊन पाऊण तास बसलो, त्याची बहीण मागच्या सीटवरून जे बोलली ते इथे लिहीत नाही. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या काळातली सवय आहे ही. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोल बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू राहायला थोडं लागतंच. म्हणजे पेट्रोलही जातं आणि ब्रेकही. मेव्हणा आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, मायलेज मात्र अजून २२च सांगतो.

ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, सगळं ढकलू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच, पण १८ वरून १२ वर आलं असेल तर आधी टायरची हवा बघा. सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे.

आमचे सिंधुदुर्गातले पाहुणे स्वस्त पेट्रोलसाठी खास गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला येतात. जवळ असाल तर या. पण समजा लिटरमागे ७ रुपये वाचले, ३५ लिटरचे झाले २४५. येऊन-जाऊन ४० किलोमीटर, १६ च्या मायलेजने अडीच लिटर, ९७ च्या भावाने साडेदोनशे बेचाळीस नव्हे, नेमके २४२.५०. उरले अडीच रुपये, त्यात चहाही येत नाही.