परदेशात शिकायचंय, पण पैशाचं काय? सोलापूरच्या पोरांसाठी

आपल्याकडं परदेशी शिक्षणाचं नाव काढलं की घरात पहिला विषय निघतो कर्जाचा, आणि दुसरा जुळे सोलापुरातल्या प्लॉटचा. माझं म्हणणं आहे की कर्ज सगळ्यात शेवटी बघा. जे पैसे परत द्यायचे नसतात ते आधी शोधा, आणि तेही कोर्स सुरू व्हायच्या वर्ष-दीड वर्ष आधीपासून, कारण बऱ्याच स्कॉलरशिपच्या तारखा ॲडमिशन यायच्या आधीच संपतात, मग हातात ऑफर लेटर असून उपयोग नसतो.

सुरुवात सरकारी योजनांपासून करा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, फी, राहायचा खर्च, विमानाचं तिकीट, सगळं त्यात येतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती वेगळी, तिच्या १२५ जागा, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, आणि त्यात विमुक्त जाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांची मुलं पण बसतात. पूर्व भागात ज्यांच्या घरी अजून हातमाग आहे त्यांनी तिचे नियम नीट वाचून बघा खरंच. ओबीसी, भटके-विमुक्त आणि एसबीसीसाठी (विशेष मागास प्रवर्ग) राज्याचा इतर मागास बहुजन कल्याण विभाग वेगळी योजना चालवतो.

पोरं हुशारीत कमी पडत नाहीत, कागदात अडकतात. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर, हे अर्ज निघायची वाट न बघता आधीच काढून ठेवा. आणि नाव तपासा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा, नंतर व्हिसाच्या वेळी फार त्रास होतो. ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा) केगावला सोलापूर विद्यापीठात अर्ज लवकर टाका, चार-पाच सीलबंद कॉपी एकदमच मागून घ्या.

आता देश. पैसा कमी असेल तर जर्मनी आधी बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं योगदान भरावं लागतं (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात). पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातनं दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे फी नाही म्हणून खर्च नाही असं समजू नका. स्कॉलरशिपसाठी डाड (DAAD, परदेशी मुलांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) बघा. युरोपातच इरास्मस मुंडसची (युरोपियन युनियनच्या मास्टर्स कोर्सेसची) स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ आणि वर महिन्याला १,४०० युरो. इंग्लंडसाठी तिथल्या सरकारची चेव्हनिंग स्कॉलरशिप, पण त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळं डिग्री झाल्या झाल्या जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नका.

अमेरिकेत खरा आधार म्हणजे असिस्टंटशिप. प्रोफेसरला लॅबमध्ये किंवा शिकवण्यात मदत करायची, बदल्यात फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड. पीएचडीला हे सर्रास मिळतं, मास्टर्सला मिळवावं लागतं. त्यासाठी प्रोफेसरला मेल करा, पण एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, त्यांचा एखादा पेपर वाचा, त्यातलं काय आवडलं आणि तुम्ही त्यात काय करू शकता हे आठ-दहा ओळींत लिहा.

शिवाय जे. एन. टाटा एंडोमेंट आहेच, १८९२ पासून चालू आहे. ही लोन स्कॉलरशिप आहे, म्हणजे पैसे परत करायचे असतात, तरी बँकेच्या आधी इथं अर्ज करा.

एवढं करून जी रक्कम कमी पडेल तेवढ्यासाठीच बँक. एकाच बँकेच्या भरवशावर राहू नका, शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरनं एकापेक्षा जास्त बँकांकडं अर्ज करता येतो. तारण म्हणून शेतजमीन सहसा चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा घर लागतं, आणि गुंठेवारीचं असेल तर आधी मॅनेजरला कागद दाखवून विचारून घ्या. शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज चालू असतं, जमलं तर घरच्यांनी ते व्याज महिन्याच्या महिन्याला भरावं, नाहीतर डिग्री मिळेपर्यंत कर्ज बरंच फुगलेलं असतं. भरलेल्या व्याजावर जुन्या टॅक्स पद्धतीत इन्कम टॅक्समध्ये सूट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) मिळते, आठ वर्षं.

कुणी म्हणेल तिथं पार्टटाईम करून फी भरू. कृपा करून हा हिशोब धरू नका. इंग्लंडमध्ये डिग्रीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, अमेरिकेत पण २० तास आणि तेही कॅम्पसवरच. त्यातनं किराणा आणि भाड्याचा काही भाग निघतो, फी निघत नाही.

आणि तिथं गेल्यावर अडचण आलीच, घरी आजारपण झालं, धंदा बसला, तर लपवत बसू नका, लगेच इंटरनॅशनल ऑफिसला जा. बऱ्याच विद्यापीठांत अशा वेळेसाठी इमर्जन्सी किंवा हार्डशिप फंड असतो, फी हप्त्यानं भरायची सोय पण करून देतात, फक्त फीची तारीख उलटायच्या आधी लेखी सांगा आणि बँक स्टेटमेंट सोबत जोडा.