माउस बाजूला ठेवा: ॲक्सेसिबिलिटी शिकणाऱ्यांसाठी

नागपुरात मिहान किंवा परसोडीच्या आयटी पार्कात फ्रंटएंडचं काम शोधत असाल, तर ॲक्सेसिबिलिटीची (साइट दिव्यांगांसह सगळ्यांना वापरता यावी याची) नियमावली जरा नंतर उघडा. आधी माउस बाजूला ठेवून नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सचं तिकीट नुसत्या कीबोर्डवर काढून बघा.

बरेचदा गाडं अडतं ते सीटच्या नकाशावर. प्रत्येक सीट म्हणजे क्लिक लावलेला डिव्ह (नुसता डबा, बटन नव्हे), त्यामुळे टॅब दाबला की फोकस सगळ्या सीटा ओलांडून थेट 'पुढे जा'वर. रिकामी हिरवी, महिलांची गुलाबी, गेलेली राखाडी: ही माहिती फक्त रंगात. रंगांधळ्या माणसाला फरक कळत नाही आणि स्क्रीन रीडरला (पडदा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ही निवडायची गोष्ट आहे हेच कळत नाही. इथे डिव्हलाच रोल, टॅबइंडेक्स, की-हँडलर चिकटवत बसू नका. खरा चेकबॉक्स घ्या आणि लेबल लिहा: 'सीट १२, खालची, खिडकीकडची, महिलांसाठी'. गेलेल्या सीटला डिसेबल्ड लावा. फोकस, स्पेसबारने निवड, 'चेक्ड' अशी घोषणा हे सगळं ब्राउझर आपणहून करतो. रूप सीएसएसने हवं तसं द्या, पण चेकबॉक्स 'डिस्प्ले नन'ने लपवला की तो टॅबच्या वाटेतूनही जातो.

ओटीपीचे सहा चौकोनही असेच. नाव नसलेले सहा 'एडिट' ऐकू येतात, पेस्ट अडतं. एकच इनपुट ठेवा, ऑटोकंप्लीटला 'वन-टाइम-कोड' द्या. पॉपअपसाठी डायलॉग एलिमेंट 'शोमोडल'ने उघडा: फोकस आत जातो, एस्केपने बंद होतो, फोकस मूळ बटनावर परततो.

प्लेसहोल्डर हे लेबल नव्हे. टाइप करताच ते गायब होतं. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो. पांढऱ्यावर #७७७ हा लाडका राखाडी ४.४८ला अडकतो, #७६७६७६ पास होतो. मराठी पानाला लँग 'एमआर' हवंच, नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो.

क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या टूलच्या १०० गुणांवर विसंबू नका. चित्राला ऑल्ट (शब्दांतलं वर्णन) आहे का, ते टूल सांगतं. ऑल्ट बरोबर आहे का, ते नाही. त्यासाठी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाका, फुकट आहे. त्यात बी दाबून बटनं, एफ दाबून फॉर्मच्या जागा फिरता येतात.

मुलाखतीला प्रमाणपत्रापेक्षा एक नीट बग रिपोर्ट न्या. कोणती की दाबली, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं आणि २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीतला कोणता निकष मोडला, एवढं त्यात असावं. वरच्या सीटांसाठी १.४.१ (रंगाचा वापर), २.१.१ (कीबोर्ड) आणि ४.१.२ (नाव, रोल, व्हॅल्यू) हे तीन लिहा.