नव्या विषयाची ओळख प्रश्नापासून करून द्या

‘भूगर्भशास्त्र म्हणजे पृथ्वीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे शास्त्र’ ही ओळ पाठ केली की एक गुण मिळतो. पण भूगर्भशास्त्रज्ञ नेमका कशाच्या मागे लागलेला असतो, हे मुलाला त्यातून अजिबात कळत नाही. अकरावीची शाखा निवडायच्या आधी तरी विषयांची ओळख त्यांच्या प्रश्नांतून व्हायला हवी. घरी किंवा वर्गात, एका दुपारी होण्यासारखं काम आहे.

सुरुवातीला विषय निवडू नका, जागा निवडा. आपण बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घेऊ. जाणं जमत नसेल तर फोटो आणि नकाशा पुरेत.

मग मुलांना कागद द्या आणि सुचतील ते प्रश्न लिहू द्या. एवढा खड्डा पडला कसा? पाणी खारं का? 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी का झालं? दैत्यसूदनाचं देऊळ कोणी बांधलं? अभयारण्य झाल्यावर काठच्या शेतकऱ्यांचं काय झालं? कुणीतरी लोणासुराबद्दल, म्हणजे इथल्या दंतकथेतल्या राक्षसाबद्दल, विचारेलच. हसू नका; ही गोष्ट लोक का सांगत आले, हा लोकसाहित्याचा रीतसर प्रश्न आहे.

आता वाटणी. प्रत्येक प्रश्नापुढे लिहायला सांगा: उत्तर शोधायला हातात काय घ्यावं लागेल? खडक, पाण्याची बाटली, शिलालेख की सातबारा? विषयाचं नाव त्यानंतर. काही प्रश्न एका रकान्यात मावत नाहीत, आणि मजा तिथेच आहे. गुलाबी पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला. म्हणजे जीवशास्त्र आलं, आणि पाणी इतकं खारट झालं कसं हे विचारलं की रसायनशास्त्रही.

यातला एकच प्रश्न शेवटपर्यंत न्या. मी खड्ड्याचा घेईन. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि आजूबाजूला सगळा दख्खनचा काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसाचाच खडक. त्यामुळे हे ज्वालामुखीचं तोंड असावं, असं बराच काळ मानलं गेलं आणि त्यात वावगं काही नव्हतं. इथे थांबा. ‘ज्वालामुखी की उल्का, तुम्ही कसं ठरवाल?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. मुलांचे तर्क संपले की मगच सांगा: विवराच्या तळात छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताच्या दाबाखाली खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाचं असं काचेसारखं रूप होतं. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. 1973 मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला.

एक प्रश्न मात्र उघडाच ठेवा: विवराचं वय. एका पद्धतीने ते सुमारे 50 हजार वर्षं येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या वर. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि कोणता खरा, ते सांगायचा मोह आवरा.

हे जमलं की पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका काढा आणि धड्यांची नावं प्रश्नांत बदलायला लावा. ‘इंग्रजी सत्तेची स्थापना’ऐवजी ‘व्यापाराला आलेल्या कंपनीच्या हाती राज्य कसं गेलं?’ ज्या धड्यातून प्रश्नच निघत नाही, तो त्या दिवशी बाजूला ठेवा.