बायबलमधील भविष्यवाणी आजच्या जीवनाला लावताना या चुका टाळा

संदेष्ट्यांची पुस्तके म्हणजे पुढे काय घडणार याची यादी, अशा समजुतीने ती उघडली की पहिल्याच पानावर वाट चुकते. यशया, आमोस, मीखा यांचे बरेचसे बोलणे त्यांच्याच काळच्या लोकांना उद्देशून आहे: खोटी मापे, लाचखाऊ न्यायाधीश, गरिबांच्या बळकावलेल्या जमिनी, आणि या सगळ्यावर पांघरूण घालणारे थाटामाटाचे सण. भविष्यकाळाची गोष्ट येते ती आज वळावे म्हणून. त्यामुळे कोणताही उतारा घेताना पहिला प्रश्न असा विचारावा: हे ऐकून त्या लोकांनी काय करायचे होते? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न गाळल्यामुळे होतात.

भिंतीवरचे वचन आणि पुसलेले पत्र

यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अध्याय २९, वचन ११) हे सर्वांत जास्त छापले जाणारे वचन असावे. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे वाचून नोकरी, व्हिसा, परीक्षा, लग्न सगळे लवकरच मार्गी लागणार असा अर्थ काढला जातो. पण हे एका लांबलचक पत्रातले मधले वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूद्यांना ते पत्र गेले. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. यिर्मया सांगतो सत्तर वर्षे (२९:१०). म्हणजे ज्यांनी हे पत्र प्रौढ वयात ऐकले त्यातले बहुतेक जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. मग त्यांनी करायचे काय? घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा (२९:५-७).

गंमत अशी की अकरावे वचन आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ यिर्मयापेक्षा हनन्याच्या जवळचा आहे. लवकर सुटका हा हनन्याचा संदेश होता, आणि त्याच वर्षी तो मेला (२८:१७).

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळ लागतो. वचन वापरण्याआधी त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचा. वाक्य पत्रातले, गाण्यातले की न्यायनिवाड्यातले हे ओळखा. मग हेच वचन आज कसे लागते ते पाहा: नको असलेल्या जागी अडकलेल्या माणसाने तिथेच नीट राहावे, काम करावे, शेजाऱ्याचे भले मागावे, आणि देवाने आपल्याला टाकलेले नाही हे धरून ठेवावे. आठवडाभर करण्यासारखे काम त्यातून मिळते. ‘सगळे छान होईल’ यातून ते मिळत नाही.

पहिल्या ऐकणाऱ्याला ओलांडून जाणे

सरावासाठी हाग्गय संदेष्ट्याचे पुस्तक घ्यावे. दोनच अध्याय, अडतीस वचने, आणि प्रत्येक संदेशावर तारीख. पारसाच्या दारयावेश राजाचे दुसरे वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५२०. बाबेलहून परतलेल्यांनी मंदिराचा पाया घातला होता, पण काम सुमारे सोळा वर्षे रखडले होते. लोक म्हणत, अजून वेळ आलेली नाही. स्वतःची घरे मात्र तक्तपोशीची झाली होती. सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी हाग्गय बोलला आणि चोविसाव्या दिवशी काम सुरू झाले (१:१, १:१५). तेवीस दिवस! संदेष्ट्याचे ऐकल्याचे इतके स्पष्ट मोजमाप शास्त्रात फार थोड्या ठिकाणी मिळते.

आता याच पुस्तकातले २:९, या मंदिराचे नंतरचे वैभव आधीच्यापेक्षा मोठे होईल, हे नव्या चर्च-इमारतीच्या निधीपत्रकावर हमखास छापले जाते. ते वचन परतलेल्यांचा अधिकारी जरुब्बाबेल याच्या काळात बांधल्या जाणाऱ्या त्याच मंदिराविषयी आहे. येशूने मंदिर म्हणून स्वतःच्या शरीराकडे बोट दाखवले (योहान २:२१), आणि पौल विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला देवाचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ३:१६). तो दुवा धरला तर आजचा प्रश्न विटांचा उरत नाही. मंडळीतले कोणते काम आपण ‘अजून वेळ आलेली नाही’ म्हणून टाळतो आहोत, हा प्रश्न उरतो. भेटीगाठी? नव्या सदस्यांना शिकवणे? आजारी कुटुंबाकडे लक्ष?

वापरायला एक पक्का क्रम ठेवा. कागदाचे चार भाग करा. पहिल्यात कोण, कोणाला, कधी बोलले. दुसऱ्यात त्यांच्याकडून काय मागितले. तिसऱ्यात हा विषय ख्रिस्तात कुठे जाऊन पोचतो आणि नवा करार त्याबद्दल काही म्हणतो का. चौथ्यात आज कोणते एक काम. चौथा भाग आधी भरायचा नाही. अभ्यासगटात गडबड होते ती इथेच. पहिला भाग भरायला कंटाळा येतो, आणि पंधरा मिनिटांत प्रत्येकजण ‘मला यातून काय वाटते’ सांगू लागतो.

ख्रिस्ताला बाजूला ठेवून ‘मी’ आणि ‘माझा देश’

यशया ७:१४, एक मुलगा जन्मेल हे वचन, यहूदाच्या आहाज राजाला दिलेली खूण आहे. अरामचा (सिरियाचा) राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह चालून येत होते, आणि आहाज अश्शूर या बलाढ्य साम्राज्याच्या मदतीकडे डोळे लावून बसला होता. मुलाला बरेवाईट कळण्याआधी त्या दोन राजांचा देश ओस पडेल, असे ७:१६ सांगते, इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरने दमास्कस घेतले. मत्तय हेच वचन येशूच्या जन्मात पूर्ण झालेले पाहतो (१:२२-२३). दोन्ही टोके धरली तर लागूकरण ७:९ मधून सरळ येते: विश्वासात टिकला नाहीत तर टिकणारच नाही. संकटात कोणत्या अश्शूरकडे धाव घ्यायची सवय आहे, हे स्वतःला विचारता येते.

‘इस्राएल’ हा शब्द दिसला की तिथे आपल्या देशाचे नाव घालणे हीही जुनी खोड. माझे लोक नम्र होऊन दुर्मार्गापासून फिरतील तर मी त्यांचा देश बरा करीन, असे २ इतिहास ७:१४ सांगते; त्यातले ‘माझे लोक’ म्हणजे शलमोनाच्या मंदिराभोवतीचे कराराचे लोक. नव्या करारात ती जागा कोणत्याही राष्ट्राला दिलेली नाही. पेत्र देवाचे लोक म्हणतो ते सगळीकडे विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना (१ पेत्र १:१, २:९-१०). त्यामुळे नम्र होण्याचा आणि दुर्मार्गापासून फिरण्याचा हुकूम आधी मंडळीवर येतो. देशासाठी प्रार्थना जरूर करावी, १ तीमथ्य २:१-२ तसे सांगतेच. पण मंडळीच्या हिशेबातली लबाडी तशीच ठेवून देशाच्या पश्चात्तापाची सभा भरवली तर वचन उलटे वाचले.

अट गाळणे

योना संदेष्टा अश्शूरच्या निनवे शहरात सांगतो: चाळीस दिवस, मग नाश. वाक्यात ‘जर’ कुठेच नाही. तरी लोक वळले आणि नाश टळला (३:४-१०). यिर्मया १८:७-१० हा नियम उघड सांगतो, आणि दोन्ही बाजूंनी: नाशाचा निर्णय पश्चात्तापाने फिरतो, तसा बऱ्याचा शब्दही वाईट वागण्याने फिरतो. म्हणून आशीर्वादाचे वचन ‘दावा’ करण्याआधी त्या अध्यायात लोकांकडून काय मागितले आहे ते अधोरेखित करा. मलाखी ३:१० वरून दशमांशाचा (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा) उपदेश होतो तेव्हा १:६ पासून २:९ पर्यंत याजकांवर ओढलेले कोरडे सहसा वाचले जात नाहीत. देणाऱ्यांना एक अध्याय आणि घेणाऱ्यांना सूट, असे ते पुस्तक नाही.

यहूदाचा राजा हिज्कीया याची गोष्ट इथे फार उपयोगी पडते. तू मरणार असे यशयाने सांगितले, राजाने रडून प्रार्थना केली, पंधरा वर्षे वाढवून मिळाली (यशया ३८:१-५). आणि ते वचन मिळाल्यावर त्याच यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली (३८:२१). ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो’ हे यशया ५३:५ वाचून औषधे बंद करणाऱ्यांनी पंधरा अध्याय मागे जाऊन हे वचन पाहावे. बरे होण्याची प्रार्थना आणि डॉक्टरांचे उपचार यांत संदेष्ट्याला विरोध दिसला नव्हता. कोणी भविष्यवाणीच्या नावाने गोळ्या किंवा इंजेक्शन थांबवायला सांगत असेल, तर ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या कानावर घाला.

तारखा काढणे

विल्यम मिलर या अमेरिकन बाप्टिस्ट उपदेशकाने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षे धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि ख्रिस्ताचे येणे १८४३-४४ च्या सुमारास ठरवले. चळवळीने शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. काहींनी पिके शेतात उभी सोडली. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओ-प्रवचनकाराने २१ मे २०११ आणि मग २१ ऑक्टोबर २०११ सांगितले. त्याच्या श्रोत्यांपैकी काहींनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली.

हे लोक मूर्ख नव्हते, गणितही बऱ्यापैकी जमत होते. चूक गणिताच्या आधीची. चिन्हातला आकडा, आपण निवडलेले सुरुवातीचे वर्ष आणि ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हा सगळीकडे लावलेला नियम, या तिन्ही गोष्टी बाहेरून आणल्या की हवी ती तारीख निघते. मार्क १३:३२ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ यांनी हा दरवाजा बंद केलेला आहे. ‘दिवस आणि घटका कळत नाही, पण वर्ष कळते’ ही पळवाटही कृत्ये १:७ मधल्या ‘काळ व समय’ या शब्दांपुढे टिकत नाही.

भूकंप-युद्धांच्या बातम्यांवरून घाबरणाऱ्याला मत्तय २४:६-८ संपूर्ण वाचून दाखवा. तिथे येशू या गोष्टींची यादी देतो ती घाबरू नका म्हणून. एवढ्यात शेवट नाही, हा तर वेदनांचा प्रारंभ, असे तो म्हणतो. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काहींनी काम सोडले होते. पौलाने त्यांना सांगितले की स्वतःची भाकर स्वतः मिळवा (२ थेस्सल ३:१०-१२).

वर्तमानपत्र उघडून प्रकटीकरण वाचणे

प्रकटीकरण हे बायबलचे शेवटचे पुस्तक सात खऱ्या मंडळ्यांना लिहिले आहे. त्यातल्या पर्गम शहरात इ.स.पू. २९ पासूनच सम्राट औगुस्त आणि रोम यांच्या उपासनेचे मंदिर मंजूर झालेले होते. सम्राटापुढे वाकण्याचा दबाव तिथल्या विश्वासणाऱ्यांना रोज सोसावा लागे. अध्याय १३ मध्ये लोकांच्या हातावर किंवा कपाळावर असलेली श्वापदाची खूण त्या पार्श्वभूमीवर वाचा. ती श्वापदाच्या उपासनेशी बांधलेली आहे (१३:१५, १४:९), आणि लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या (म्हणजे ख्रिस्ताच्या) लोकांच्या कपाळावर त्याचे आणि पित्याचे नाव आहे. कोणाचे नाव आपल्यावर आहे हा तिथला प्रश्न. बारकोड, लस, ओळखपत्र यांतून कोणाला नकळत खूण ‘लागत’ नाही. नावातल्या अक्षरांना आकडे देऊन, बेरीज करून श्वापदाचा आकडा ६६६ काढणाऱ्यांसाठी एवढेच: काही प्राचीन हस्तलिखितांत तो आकडा ६१६ आहे.

चिन्हाचा अर्थ लावताना आधी त्याच पुस्तकात शोधा. दिवे आणि तारे म्हणजे काय ते १:२० सांगते. दानीएलचा एडका आणि बकरा कोणती राज्ये ते दानीएल ८:२०-२१ सांगते. तिथे नसेल तर जुन्या करारात शोधा. तिथेही नसेल तर अर्थ हलक्या हाताने धरा. भाषणाला चढ यावा म्हणून एखाद्या राष्ट्राचे किंवा नेत्याचे नाव तिथे चिकटवू नका. नेता बदलला की उपदेशही बदलावा लागतो.

‘प्रभू मला म्हणाला’ यापुढे गप्प बसणे

आजही भविष्यवाणीचे दान चालू आहे की नाही यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. पण चालू आहे असे मानणाऱ्यांनाही पारख करण्याची आज्ञा आहे: दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी निर्णय करावा (१ करिंथ १४:२९). अमुक मुलीशीच लग्न कर, अमुक रक्कम आज दे, असा संदेश मिळाला तर बोललेले शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून घ्या. शास्त्राच्या स्पष्ट शिकवणीला ते धरून आहेत का पाहा. बोलणाऱ्याला त्यातून पैसा किंवा सत्ता मिळते का पाहा. मीखा ३:११ ने ही कसोटी दिलेली आहे. दोन प्रौढ, स्वतंत्र विश्वासणाऱ्यांशी बोला, आणि तोवर काहीही देऊ किंवा ठरवू नका. घाई करणारा संदेश थांबवून ठेवल्याने खरा शब्द खोटा होत नाही.

एखादी गोष्ट खरी ठरली म्हणजे बोलणारा देवाचा, असेही नाही. अनुवाद १३:१-३ मध्ये खूण खरी ठरते, तरी ऐकू नका असे सांगितले आहे. ‘माझ्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे स्तोत्र १०५:१५ प्रश्न विचारणाऱ्यांवर फेकले जाते. ते वचन अब्राहाम, इसहाक, याकोब परदेशात भटकत असताना राजांना दिलेली ताकीद आहे. पुढाऱ्याला हिशेब विचारण्याशी त्याचा संबंध नाही.

चांगल्या वापराचा नमुना अंत्युखिया शहरातल्या मंडळीत आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठ्या दुष्काळाचे सांगितले. शिष्यांनी तारखेवर चर्चा केली नाही आणि धान्यही दडवले नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांसाठी मदत काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली (प्रेषितांची कृत्ये ११:२८-३०). पुढे त्याच अगबाने पौलाला यरुशलेमेत बेड्या पडतील असे सांगितले, तेव्हा सोबत्यांनी त्याचा अर्थ ‘जाऊ नको’ असा लावला. पौल तरी गेला (२१:१०-१४). संदेश खरा असूनही त्याचे लागूकरण चुकू शकते, हे त्या प्रसंगात अगदी उघड दिसते.

चुकीच्या वापरावरून एखादा निर्णय आधीच झाला असेल, तर आधी नुकसान वाढणे थांबवा: पुढचा हप्ता, पुढचा राजीनामा, पुढचे वचन. ज्या वचनावर निर्णय उभा होता तो अध्याय वरच्या चार भागांत पुन्हा लिहा आणि कुठला भाग कोरा राहिला होता ते पाहा. उपदेशकाने चुकीचे सांगितले असेल तर ज्या सभेत सांगितले त्याच सभेत दुरुस्त करावे. खासगीत घेतलेली माफी चारशे श्रोत्यांपर्यंत पोचत नाही.