सेशनच्या यादीतला पहिला माल निघेना, तेव्हा

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानासाठी पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत ऑर्डरची यादी लिहिली होती. ती सेशनमध्ये, म्हणजे पान बदललं तरी टिकणाऱ्या साठ्यात, ठेवली होती. यादीतून कुठलाही माल काढून टाकता यायचा, सर्वांत वरचा मात्र नाही. अ‍ॅरे_सर्च हे शोधणारं फंक्शन त्याची की, म्हणजे यादीतला क्रमांक, ० देतं आणि साधा इफ ० ला फॉल्स, म्हणजे 'सापडलं नाही', धरतो, हे त्याचं कारण. म्हणून 'फॉल्स नाही' ही तपासणी उद्गारचिन्हापुढे दोन बरोबरची चिन्हं देऊन काटेकोर केली.

मग दुसरी अडचण आली. अनसेटने मधला माल काढल्यावर त्याच्या कीची जागा रिकामीच राहते, त्यामुळे ० पासून काउंटपर्यंत (एकूण नगांपर्यंत) मोजत जाणाऱ्या फॉर लूपमध्ये वॉर्निंग येते आणि शेवटची चादर दिसत नाही. अ‍ॅरे_व्हॅल्यूजने नवे क्रमांक मिळतात, पण तो निकाल पुन्हा सेशनमध्येच ठेवावा लागतो. नुसत्या व्हेरिएबलमध्ये घेतला, तर पुढच्या पानावर जुनीच यादी येते. नाहीतर यादी दाखवायला, असलेल्या मालावरूनच फिरणारा फॉरईच लूप वापरा, मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.