वलयं नुसती मोजू नका, जुळवा: डग्लस यांची पद्धत

सालीपासून गाभ्यापर्यंत वलयं मोजली की झाडाचं वय कळतं, हे अर्धसत्य आहे. दुष्काळात एखादं वलय बनतच नाही, तर कधी एका वर्षात दोन दिसतात. ही मेख सोडवली अँड्रू एलिकॉट डग्लस (1867–1962) या खगोलशास्त्रज्ञाने. सौरडागांच्या 11 वर्षांच्या चक्राचा माग काढताना तो ॲरिझोनातल्या पाइन वृक्षांकडे वळला. अरुंद वलयं एकाच क्रमाने झाडामागून झाडात सापडतात, हे त्याच्या लक्षात आलं.

हा क्रम झाडाझाडांत जुळवायचा, तर पोकळ गिरमिटाने छातीच्या उंचीवर, एका झाडातून दोन नमुने घ्या. उतारावर चढाच्या किंवा उताराच्या बाजूने भोक पाडू नका, आडव्या बाजूने पाडा. नाहीतर तोल सांभाळायला वाढलेलं वेडंवाकडं लाकूड हाती लागतं. नमुना खाचेच्या पट्टीत तंतू उभे ठेवून चिकटवा. आडवे बसले तर वलयांच्या कडा दिसणारच नाहीत. मग 220, 400, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. इथे आळस केला की पुढचं सगळं फसतं.

आता आलेखाच्या कागदाची पट्टी घ्या, 2 मिमी म्हणजे एक वर्ष. वलय शेजारच्यांपेक्षा जितकं अरुंद, तितकी रेघ लांब. सर्वसाधारण वलयाला रेघच नाही. दोन झाडांच्या पट्ट्या समोरासमोर धरून सरकवा.

समजा सालीकडून मागे 1950 पर्यंत रेघा तंतोतंत जुळल्या आणि एका झाडाच्या त्याआधीच्या सगळ्या एका घराने सालीकडे सरकल्या. म्हणजे त्या झाडात तिथे वलय गहाळ आहे. गाभ्याकडे सरकल्या, तर एक खोटं वलय मोजलंय. भिंगाखाली पाहा: खऱ्या वलयाचा गडद पट्टा सालीकडच्या बाजूला एकदम संपतो, खोट्याचा दोन्ही बाजूंना हळूहळू फिका होतो.

जुन्या घराच्या तुळईचं वयही असंच काढता येतं. पण तिच्यावर साल नसेल, तर शेवटचं वलय म्हणजे तोडणीचं वर्ष नव्हे; बाहेरची किती गेली, ते सांगता येत नाही.

डग्लसकडे प्राचीन वस्त्यांतल्या तुळयांच्या वलयांची 585 वर्षांची मालिका होती, पण आजच्या झाडांशी सांधा जुळत नव्हता, म्हणून तिची नेमकी वर्षं कळत नव्हती. 22 जून 1929 ला ॲरिझोनातल्या शो लो इथे जळून कोळसा झालेली एक तुळई सापडली, एचएच-39. तिची वलयं दोन्ही मालिकांत बसली आणि न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो बोनितोसारख्या प्राचीन वस्त्यांना नेमकी वर्षं मिळाली.