पणजीत आबे फारियाचा पुतळा बघायला जाताय? मग सुरुवात कांदोळीहून करा

पणजीला मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाच्या म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या बाजूला तो पुतळा आहे, लांब झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आणि समोर एक बाई मागे कलंडलेली. लोक दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात, पोरं विचारतात हा तिला मारतोय का, मग कोणीतरी सांगतं की अरे हा संमोहनवाला, आणि विषय संपला. मी पण पहिल्या वेळी असंच केलं आणि नंतर त्याचं आयुष्य वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ह्या माणसाची गोष्ट संमोहनापासून सुरू होतच नाही. ती सुरू होते गोव्यातल्या पाद्र्यांना गोव्यातच वरची जागा मिळत नव्हती इथून. म्हणून एक दिवस काढा आणि पुतळा सगळ्यात शेवटी बघा.

सकाळी कांदोळीला जा. बीचवर नाही, आत गावात, चर्चच्या बाजूला, जुन्या घरांमधून थोडं चाला. जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजेच पुढचा आबे फारिया (आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री), इथे मे १७५६ मध्ये जन्मला. वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे, घराण्याचा मूळपुरुष अंतू शेणॉय असं सांगतात, म्हणजे बाटलेले सारस्वत. सोबत मुलं असतील तर हे इथेच सांगा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे: धर्म पोर्तुगीजांचा घेतला, भाषा शिकले, लॅटिन शिकले, पाद्री झाले, तरी बिशप व्हायची वेळ आली की माणूस युरोपातूनच यायचा. १७६१ मध्ये लिस्बनहून पोर्तुगालचा मुख्य मंत्री पोंबाल ह्याने हुकूम काढला होता की ख्रिस्ती प्रजा सगळी सारखी, कातडीच्या रंगावरून भेद नको. कागदावर सारखी झाली, गोव्यात नाही झाली.

कांदोळीतच पिंटोंचं घराणं, ते नाव लक्षात ठेवा, दुपारी लागेल.

मग बेतीला येऊन फेरीबोटीने पणजीला उतरा. पूल आहे, लवकर होतं हे खरं, पण बोटीतच घ्या कारण बोटीत एक गोष्ट सांगायला छान वेळ मिळतो. १७७१ मध्ये बाप आणि पंधरा वर्षांचा जुझे जहाजाने लिस्बनला गेले, तिथून रोमला, जुझे १७८० मध्ये पाद्री झाला आणि धर्मशास्त्रात डॉक्टरेटही घेतली. पुढे पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचे दरबारी बघून त्याचं तोंडच उघडेना. तेव्हा बाप हळूच कोंकणीत म्हणाला, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! आणि पोरगा जो सुटला तो थांबलाच नाही. ही दंतकथा आहे, सांगताना तसं सांगा, पण सांगा नक्की. मराठी पोराला भाषांतर करून सांगावं लागत नाही ह्याचा मला दरवेळी आनंद होतो. आणि त्या एका वाक्याने एखादा माणूस आतून मोकळा होऊ शकतो, हे फारिया पुढे आयुष्यभर सिद्ध करत बसला असं मला तरी वाटतं.

पणजीत उतरल्यावर लगेच पुतळ्याकडे वळू नका, रायबंदरच्या कॉजवेवरून सरळ जुन्या गोव्याला जा (तो रस्ता फारियाच्या जन्माच्या सव्वाशे वर्षं आधीचा आहे). तिथे सगळे बॉम जेझू चर्चला रांग लावतात, तुम्ही टेकडीवर सांता मोनिकाच्या मठाकडे जा, ख्रिस्ती कलेचं म्युझियम आता तिथेच आहे. फारियाचे आईवडील वेगळे झाले, वडील पुन्हा पाद्रीपणाकडे गेले आणि आई रोझा मारिया ह्या मठात नन झाली. मठाच्या भिंती नुसत्या बघा केवढ्या जाड आहेत. नवरा आणि मुलगा समुद्रापलीकडे, ती इथे आत. चरित्र वाचताना आईची ही बाजू दोन ओळीत उरकलेली असते, म्हणून इथे जरा जास्त थांबा.

बाहेर आलात की पिंटोंचं सांगा. १७८७. गोव्यातल्या काही पाद्र्यांनी आणि सैन्यातल्या काही गोवेकर अधिकाऱ्यांनी पोर्तुगीज राज्य उलथवायचा बेत केला, कांदोळीच्या त्याच घराण्यावरून ह्याला पिंटोंचं बंड म्हणतात. त्यातले कौतो आणि गोन्साल्विस हे दोन पाद्री आधी लिस्बनला जाऊन वरच्या जागा मागून आले होते, मिळाल्या नाहीत, आणि तिथे फारिया बापलेकांशी त्यांचं उठणंबसणं होतं. बेत फुटला, ४७ जण पकडले, १७ त्यातले पाद्री. १७८८ मध्ये पणजीत १५ जणांना देहदंड दिला. पाद्र्यांना मात्र फासावर चढवलं नाही, लिस्बनला नेऊन किल्ल्यात कोंडलं. त्याच वर्षी जुझे फारिया पॅरिसला गेला.

इथे सांगताना एक चूक टाळा, त्याला सरळसोट क्रांतिवीर करू नका. पॅरिसमध्ये वर्षभरात क्रांती झाली, १७९५ मध्ये नॅशनल कन्व्हेन्शनच्या विरुद्ध जी माणसं रस्त्यावर उतरली त्यातल्या एका तुकडीच्या पुढे हा गोव्याचा पाद्री होता, आणि ते बंड नेपोलियनच्या तोफांनी मोडलं. म्हणजे तो क्रांतीच्या सरकारविरुद्ध लढला. साधं कप्प्यात बसत नाही, बसवू पण नका. दुसरी चूक म्हणजे काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टोमधला तुरुंगातला फारिया. तो कादंबरीतला इटालियन पाद्री आहे, नाव घेतलं ह्याचं पण आयुष्य ह्याचं नाही.

आता पुतळ्याकडे या, ऊन उतरल्यावर. १८१३ मध्ये पॅरिसला तो लोकांसमोर प्रयोग करू लागला. तेव्हा सगळे म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकी द्रव निघतो. फारिया म्हणाला माझ्यात काही शक्ती नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, त्याची एकाग्रता आणि विश्वास. तो समोर बसलेल्याला डोळे मिटून लक्ष एकवटायला लावायचा आणि मग फक्त म्हणायचा, झोपा. चर्चमधले म्हणाले हे सैतानाचं काम, द्रववाले म्हणाले ह्याला काही कळत नाही, आणि नाटकवाल्यांनी रंगमंचावर त्याची टिंगल केली, लोक यायचे बंद झाले. धर्मगुरू असून धर्मवाल्यांना नको, आणि विज्ञानवाल्यांनाही नको कारण झगा घातलेला. १८१९ मध्ये पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला गेला. पुढच्या पिढीत फ्रेंच डॉक्टरांनी मान्य केलं की त्याचं बरोबर होतं.

म्हणून पुतळ्याचे हात नीट बघायला सांगा. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलाय, १९४५ मध्ये बसवला. हात बाईला लागलेले नाहीत, मध्ये मोकळी जागा आहे, आणि फारियाचं सगळं म्हणणं त्या मोकळ्या जागेत आहे. मुलांना ते लगेच दिसतं.

पॅरिसला मोंमार्त्रमध्ये त्याला पुरलं, थडग्यावर नाव नाही. फूल न्यायचं असेल तर इथेच न्या.